काटा झिरो केल्याशिवाय माल मोजता का? मग पाटा चढवून गाडी तशीच कशी पळवता?



आज पिकावर लिहीत नाही. टोमॅटोची तोडणी चालू आहे, करपा आणि फळ पोखरणाऱ्या अळीचं पुढच्या वेळी बघू. आज गाडीवर लिहितोय आणि जरा रागानेच लिहितोय. हा राग दुसऱ्यांवर जेवढा आहे तेवढाच माझ्यावर पण आहे, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर म्हणाल, काका शहाणपण शिकवायला निघाले.

दोन वर्षांपूर्वी मी एक जुनी पिकअप घेतली. पुढे दोन ओळी सीट, मागे हौदा. कंपनीचं नाव घेत नाही, कारण पुढे जे झालं त्यात कंपनीची चूक नव्हती. गाडीत एबीएस होतं आणि ईएसपी पण होतं. ईएसपी म्हणजे वळणावर गाडी घसरायला लागली तर आपणहून एखाद्या चाकाला ब्रेक लावून गाडी सावरणारी यंत्रणा. विकणाऱ्याने सांगितलं तेव्हा मी मान हलवली. खरं सांगायचं तर मला तेव्हा कळालं काही नव्हतं.

आमच्या मळ्याची वाट ओढ्यातून जाते. पावसाळ्यात गाडी खाली घासायची. क्रेट भरले की मागून बसायची. पुतण्या म्हणाला, गाडी उचलून घेऊ. फिटरकडे नेली. पुढे दोन इंचाचे स्पेसर, मागे एक पाटा जादा. साडेसोळा हजार मोजले. फिटर म्हणाला, "काका, आता घोडा झाला बघा." मलाही बरं वाटलं. गाडी उंच दिसते, माणसाची छाती पण फुगते.

अलाइनमेंट त्याने दोरी लावून केलं. गाडी सरळ जायची, पण स्टेअरिंग थोडं उजवीकडे वळलेलं राहायचं. मी म्हटलं, चालतंय. चार दिवसांनी डॅशबोर्डवर पिवळी लाईट आली, घसरणाऱ्या गाडीचं चित्र असलेली. कधी यायची, कधी जायची. परत फिटरकडे गेलो. त्याने काय केलं असेल? लाईटवर काळी टेप चिकटवली. म्हणाला, "उंच केली की ही येतेच काका, सगळ्यांच्या येते. बघायचंच नाही तिकडं."

आणि मी हसलो. पंचावन्न वर्षांचा माणूस, तीस वर्षं शेती केलेला, रोज सकाळी वजनकाटा झिरो करून मगच पहिलं क्रेट ठेवणारा. मी हसलो आणि घरी आलो.

गेल्या जुलैमध्ये कल्याणला माल घेऊन निघालो. चोवीस क्रेट होते, एक क्रेट साधारण वीस किलोचं. पासिंगपेक्षा जास्त होतं का? थोडं होतं, लपवत नाही. ओतूर सोडलं, माळशेजला पाऊस आणि धुकं. उतारावर उजवीकडचं वळण. वेग फार नव्हता, तिसरा गिअर. मी स्टेअरिंग नेहमीसारखं वळवलं आणि पेडलखाली गर्रर्र असा आवाज आला. मागचं उजवं चाक कुणीतरी हाताने धरून ठेवावं तशी गाडी एकदम आत, उजवीकडे ओढली गेली. म्हणजे समोरून येणाऱ्याच्या बाजूला. समोरून टँकर होता.

त्या टँकरवाल्या भावाने ब्रेक मारला म्हणून हे लिहितोय. त्याचा नंबर पण बघितला नाही. जिथे असेल तिथे सुखी राहो.

पुढे जागा मिळाली तिथे गाडी थांबवली. माझे हात कापत होते. पुतण्या काही बोलला नाही. त्याने पुढे वाकून नखाने ती टेप काढली. खाली लाईट जळत होती.

आता कारण समजून घ्या. मी ते एका मुलाकडून समजून घेतलं, त्याचं पुढे सांगतो.

ईएसपीला डोळे नाहीत. त्याला रस्ता दिसत नाही, टँकर दिसत नाही. त्याला फक्त आकडे येतात. स्टेअरिंगच्या दांड्यावरचा सेन्सर सांगतो की ड्रायव्हरला किती वळायचंय. दुसरा सेन्सर सांगतो की गाडी खरोखर किती गरकन फिरतेय, त्याला यॉ सेन्सर म्हणतात. त्याच्याच सोबत बाजूला किती जोर बसतोय हे मोजणारा असतो. आणि चारही चाकांचे वेग सांगणारे चार. यंत्रणा दर क्षणाला एवढंच करते: ड्रायव्हरला पाहिजे ते आणि गाडी करते ते जुळतंय का? नाही जुळलं तर गाडी घसरतेय असं धरायचं आणि एका चाकाला ब्रेक लावायचा.

माझ्या गाडीचं स्टेअरिंग सरळ रस्त्यावरच नऊ अंश उजवीकडे होतं. म्हणजे सेन्सरच्या हिशोबाने मी सरळ जाताना पण उजवीकडे वळत होतो. उजवं वळण आलं तेव्हा त्याला वाटलं, या माणसाला बरंच जास्त वळायचंय, पण गाडी तेवढी वळत नाही, पुढची चाकं घसरतायत. अशा वेळी ईएसपी आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला ब्रेक लावतं, म्हणजे गाडी आत वळते. त्याने तेच केलं. यंत्राने आपलं काम चोख केलं, आकडा तेवढा खोटा होता. आणि तो आकडा खोटा मी केला होता, साडेसोळा हजार देऊन.

काही गाड्या सरळ रस्त्यावर थोडं चालवलं की स्टेअरिंगचा मध्य आपणहून शिकतात. काहींना स्कॅनर लावून शिकवावा लागतो. पण "आपली शिकत असेल" असं समजून घाटात उतरायचं नसतं. आपल्या गाडीचं पुस्तक उघडून बघायचं किंवा माहितगाराला विचारायचं.

आता माझं भांडण ज्यांच्याशी आहे त्यांच्याकडे येतो.

पहिलं भांडण "पूर्वीच्या गाड्यांत कुठं होतं हे?" म्हणणाऱ्यांशी. नव्हतं, बरोबर. जुन्या जीपमध्ये ब्रेक तुमच्या पायात होता. पाय दाबला तर लागायचा, नाही दाबला तर नाही. नवी गाडी तुमच्या पायाशिवाय ब्रेक लावते. ज्याच्याकडे काटाच नाही तो व्यापारी अंदाजाने माल घेतो, आपण घासाघीस करतो. पण ज्याचा काटा दोन किलोने खोटा आहे तो दिवसभर प्रत्येक क्रेटला खोटं बोलतो आणि छापील पावती पण देतो. दोघांत जास्त घातक कोण? सेन्सर नसलेली गाडी काहीच करत नाही. सेन्सर चुकलेली गाडी खात्रीने चुकीचं करते. म्हणून जुन्या गाडीचा हिशोब नव्या गाडीला लावू नका.

दुसरं भांडण "बटण दाबून बंद ठेवा" म्हणणाऱ्यांशी. बऱ्याच गाड्यांत ते बटण पूर्ण बंद करत नाही, वेग वाढला की यंत्रणा परत जागी होते. चावी फिरवून गाडी पुन्हा चालू केली की परत चालू. आणि समजा बंद झालं, तर ज्यासाठी पैसे दिले ती वस्तू आपण फेकून दिली. ही यंत्रणा १९९५ साली पहिल्यांदा बाजारात आली ती महागड्या मर्सिडीजमध्ये, बॉश कंपनीने बनवलेली. १९९७ मध्ये स्वीडनमध्ये एका मासिकाच्या चाचणीत मर्सिडीजची छोटी ए-क्लास गाडी अचानक डावी-उजवी वळवताना उलटली, तेव्हा कंपनीने त्या सगळ्या गाड्यांना ईएसपी बसवून दिलं आणि सस्पेन्शन पण बदललं. दोन्ही केलं, हे लक्षात घ्या. ज्यांनी गाडी बनवली त्यांना सुद्धा सस्पेन्शन आणि ईएसपी एकत्र बघावं लागलं. आपला फिटर फक्त पाटा बघतो.

तिसरं भांडण फिटर लोकांशी, आणि यात माझे दोन मित्र आहेत. रागावू नका. पाटा चढवणं हे अर्धं काम आहे. तुम्ही पूर्ण कामाचे पैसे घेता. ड्रिपवाला लॅटरल टाकून निघून गेला आणि फ्लश केलं नाही, प्रेशर तपासलं नाही, तर आपण त्याला पैसे देतो का? मग सस्पेन्शन बदललं की अलाइनमेंट आणि सेन्सर झिरो हे त्याच कामात धरा. तुमच्याकडे स्कॅनर नसेल तर तसं सांगा: काका, माझं काम इथपर्यंत, पुढचं तालुक्याला करून घ्या, तोपर्यंत घाटात जाऊ नका. एवढं सांगायला खर्च येत नाही. पण टेप लावू नका. वेलांटीचे वायदे करणारी टेप आपल्याला नको, ती लाईट म्हणजे गाडीची शेवटची हाक असते.

चौथं भांडण गाडी कंपन्यांशी, सगळ्यांशीच. तुम्ही सेन्सर गावापर्यंत विकता आणि तो झिरो करायची चावी शहरात ठेवता. आमच्याकडून अधिकृत सर्व्हिस सेंटर गाठायचं म्हणजे एक दिवस गेला, एक तोडणी गेली. कॅलिब्रेशनची पद्धत आणि त्याचं सॉफ्टवेअर परवडणाऱ्या दरात गावच्या गॅरेजला द्या. गाडीच्या पुस्तकात मराठीत एक पान छापा: सस्पेन्शनला, स्टेअरिंगला, टायरच्या मापाला हात लावला तर काय काय करून घ्यायचं. ट्रॅक्टरच्या पुस्तकात ऑइल कधी बदलायचं ते मराठीत देता, मग हे का नाही?

पाचवं भांडण आपल्याशी. कृषी सहायक साहेब, कृषी पदवीधर मित्रांनो, तुम्हाला पण यात धरतोय. पीएच मीटर वापरायच्या आधी तुम्ही ४ आणि ७ च्या बफरमध्ये बुडवून जुळवता. फवारणीच्या आधी नोझल किती सोडतंय, एकराला किती पाणी जातंय हे मोजायला तुम्हीच आम्हाला शिकवलं. द्राक्षवाल्यांना सांगता की हवामान केंद्राचा पान ओलं असल्याचा सेन्सर चुकीच्या जागी लावला तर डाउनीचा अंदाज चुकेल. मग तीच मंडळी मोठे टायर टाकून, गाडी उचलून, लाईट लागलेली ठेवून बांधावर येतात तेव्हा मला कळत नाही की कॅलिब्रेशन फक्त पिकाला असतं का, माणसाच्या जिवाला नसतं?

असो. आता कामाचं लिहितो. तालुक्याला एक मुलगा आहे, आयटीआय झालेला, स्कॅनर घेऊन बसतो. त्याने माझ्यासमोर केलं ते क्रमाने देतो. क्रम चुकवायचा नाही, कारण आधी झिरो केलं आणि नंतर अलाइनमेंट केलं तर सगळं पाण्यात.

१. चारही टायर एकाच मापाचे आणि सारख्या झिजेचे. हवा पुस्तकात लिहिलेली. पुढे एक माप आणि मागे दुसरं असेल तर चाकांचे वेग जुळत नाहीत आणि यंत्रणा गोंधळते.

२. यू बोल्ट आणि बुशचे नट गाडी जमिनीवर, स्वतःच्या वजनावर उभी असताना शेवटचे घट्ट करायचे. नवीन पाटा थोडे दिवस बसतो. बोल्ट परत तपासायचे आणि मगच पुढचं काम.

३. मशीनवर अलाइनमेंट. नुसत्या पुढच्या चाकांचं नाही. मागचा अ‍ॅक्सल तिरका बसला असेल तर गाडी तिरकी चालते आणि ती सरळ ठेवायला स्टेअरिंग वाकडं धरावं लागतं. स्टेअरिंग मधोमध लॉक करूनच चाकं जुळवायची.

४. बॅटरी चांगली भरलेली. मध्येच व्होल्टेज पडलं तर काम अर्धवट राहतं.

५. गाडी सपाट जागेवर. खळ्यावर नाही, उतारावर नाही. हौदा रिकामा, आत माणूस हलायचा नाही, दार आपटायचं नाही. झिरो म्हणजे "हेच सपाट, हेच स्थिर" असं गाडीला शिकवणं. तिरक्या जागेवर शिकवलं तर ती तिरकंच शिकणार. काटा वाकड्या फरशीवर ठेवून झिरो करण्यासारखं ते.

६. स्कॅनरवर स्टेअरिंग सेन्सरचा झिरो, मग यॉ आणि बाजूच्या जोराच्या सेन्सरचा झिरो. कुणाच्या गाडीत दोन्ही एका वेळी होतात, कुणाच्या वेगवेगळे. मग जुने एरर पुसायचे. नुसते एरर पुसणं म्हणजे झिरो करणं नाही, इथे लोक फसतात. लाईट जाते आणि दोन दिवसांनी परत येते.

७. स्कॅनरचे चालू आकडे स्वतः बघायचे. स्टेअरिंग सरळ असताना शून्याजवळ पाहिजे. उभ्या गाडीत यॉ शून्याजवळ, बाजूचा जोर शून्याजवळ. डावीकडे फिरवलं की आकड्याचं चिन्ह एक, उजवीकडे फिरवलं की दुसरं. मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

८. मोकळ्या रस्त्यावर हळू चालवून बघा. सरळ, डावीकडे, उजवीकडे. विनाकारण गर्रर्र आवाज आला किंवा गाडी ओढली तर परत आत.

९. हेडलाईटचा झोत खाली घ्या. मागून बसलेली किंवा पुढून उचललेली गाडी समोरच्याच्या डोळ्यात उजेड मारते. त्याला दिसलं नाही तर तुमचे सेन्सर काय करणार?

माझा खर्च: अलाइनमेंट बाराशे, सेन्सरचं काम पंधराशे. सत्तावीसशे रुपये. गाडी उचलायला दिलेल्या साडेसोळा हजारांपुढे हा आकडा ठेवून बघा.

आता बरेच जण म्हणतील, आमची साधी पिकअप आहे, त्यात ईएसपी नाही, आम्हाला काय? थांबा. बऱ्याच साध्या पिकअपच्या मागच्या अ‍ॅक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो, त्याला एक दांडी किंवा स्प्रिंग जोडलेली असते. एलएसपीव्ही म्हणतात. माल भरला की गाडी खाली बसते, दांडी हलते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. रिकामी असली की कमी दाब, म्हणजे मागची चाकं जाम होऊन गाडी फिरत नाही. हा पण सेन्सरच, फक्त लोखंडाचा.

आता तुम्ही पाटा चढवला. माल भरला तरी गाडी पहिल्यासारखी खाली बसत नाही. व्हॉल्व्हला वाटतं, गाडी रिकामी आहे. म्हणजे नेमकं माल जास्त असताना मागचा ब्रेक कमी. सगळा भार पुढच्या ब्रेकवर, थांबायला जास्त अंतर. काही शहाणे ती दांडी तारेने वर बांधून ठेवतात, "ब्रेक चांगला लागतो" म्हणून. मग रिकामी गाडी घेऊन पावसात परत येताना ब्रेक दाबला की मागची चाकं जाम आणि गाडी आडवी. पाटा बदलला की त्या दांडीचं माप कंपनीच्या पद्धतीने परत लावून घ्यायचं. याला स्कॅनर लागत नाही, माहिती असलेला फिटर आणि थोडा वेळ लागतो.

शेवटी सगळ्यात कडू गोष्ट. झिरो केलं म्हणजे पाटा चढवणं बरोबर ठरलं असं समजू नका. गाडी उंच केली की तिचा भार वर जातो, ती लवकर कलंडते. ते कुठलाही स्कॅनर खाली आणू शकत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल आपल्याला परस्पर करता येत नाही. जादा मालाला कलम १९४ प्रमाणे २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००. विमेवाला पण अपघातानंतर आधी गाडीचं मूळ रूप विचारतो. पाटा चढवून गाडीची पासिंग वाढत नाही. ब्रेक तेच, टायर तेच, अ‍ॅक्सल तोच. वाढतो तो फक्त आपला भ्रम की गाडी बसली नाही म्हणजे माल झेपला.

म्हणून मी काय केलं ते सांगतो. सहा महिन्यांनी जादा पाटा काढला, पुढचे स्पेसर काढले. ओढ्यात दोन ट्रॉली मुरूम टाकला आणि एक पाइप घातला. जे काम वाटेवर करायचं होतं ते मी गाडीवर केलं होतं. आणि हो, काढल्यावर परत अलाइनमेंट, परत झिरो. लोक इथे पण चुकतात. काढणं हा पण बदलच असतो. गाडी मूळच्या उंचीवर आली, पण सेन्सरला तर उंच गाडीचा झिरो शिकवलेला होता. परत सत्तावीसशे गेले. देताना हात आखडला नाही.

एक सुचवतो. आपल्या शेतकरी गटाने फवारणीचा ड्रोन घेतला, हळदीचं बॉयलर घेतलं, क्रेट एकत्र घेतले. मग गटात चार-पाच पिकअप असतील तर एक चांगला स्कॅनर आणि गावातल्या एका पोराचं प्रशिक्षण एवढं जमणार नाही का? पोराला गावातच काम मिळेल आणि आपली गाडी तालुक्याला न्यायची वेळ येणार नाही.

आणि तोपर्यंत एक करा. उद्या सकाळी चावी फिरवा, इंजिन चालू करा आणि डॅशबोर्ड बघा. सगळ्या लाईट लागून विझतात का? एखादी लागलीच नाही तर कुणी बल्ब काढलाय किंवा टेप लावलीय. एखादी विझली नाही तर ती काहीतरी सांगतेय. सरळ रस्त्यावर स्टेअरिंग वाकडं राहत असेल तर या आठवड्यात काम करून घ्या, सीझन संपायची वाट बघू नका.

माझ्या पुतण्याने ती काळी टेप फेकली नाही. वजनकाट्याच्या खांबाला चिकटवून ठेवलीय. रोज सकाळी काटा झिरो करताना दिसते.

चला, क्रेट भरायचे आहेत. सांभाळून चालवा.